कंपायलरची कुळकथा

अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यावर भूचुंबकीय वेधशाळा आहे, हे रायगड जिल्ह्यातील बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. ती तेथे का आली, याची हकिगत मात्र तितकीशी सांगितली जात नाही. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात असत. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालवायचे ठरले. रुळांतून आणि जमिनीतून वाहणाऱ्या प्रवाहामुळे नाजूक चुंबकसूच्या विचलित होणार, हे उघड होते. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागची जागा निवडली आणि १९०४ मध्ये तेथे वेध सुरू झाले.

यातील महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या. नव्या जागी वेगळा आकडा आला तर तो फरक पृथ्वीच्या चुंबकत्वातला, जागेतला की उपकरणातला, हे सांगता यायला हवे ना? मोजायचे साधन बदलताना जुने आणि नवे काही काळ शेजारी शेजारी चालवावे, हा तो धडा. त्यामुळेच कुलाब्याची आणि अलिबागची नोंद मिळून एक अखंड मालिका तयार झाली.

हाच प्रश्न आणि जवळजवळ हेच उत्तर संगणकाच्या इतिहासातही सापडते. तेथे उपकरणाचे नाव आहे कंपायलर. संगणकाची सगळी कामे सांभाळणारी ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या मूळ लिखाणापासून तयार करायला बसले की पहिली ठेच बहुधा या कंपायलरपाशी लागते. पडद्यावर चुकीचा संदेश येतो आणि काम थांबते. चूक कोणाची? आज्ञा लिहिणाऱ्याची, कंपायलरची, यंत्राची, की या सर्वांनी न बोलता गृहीत धरलेल्या एखाद्या गोष्टीची? गेल्या सत्तर वर्षांत या प्रश्नाची उत्तरे कशी मिळत गेली, ते पाहू.

आधी कोंबडी की आधी अंडे?

संगणकाला फक्त अंकांतील आज्ञा कळतात. तिला यंत्रभाषा म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झाला. ४० बिटांचे २०४८ शब्द मावतील एवढीच त्याची स्मृती होती. त्यावर काम करणाऱ्याला यंत्राच्या आज्ञांच्या पातळीवर उतरूनच विचार करावा लागे. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्यावर फोरट्रान भाषेत, म्हणजे नेहमीच्या बीजगणिताच्या जवळ जाणाऱ्या रूपात, सूत्रे लिहिता येत. त्या लिखाणाचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर. १९५२ मध्ये ग्रेस हॉपर यांनी या दिशेने पहिले पाऊल टाकले होते आणि १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रानचा कंपायलर सादर केला होता.

आता गंमत अशी की, कंपायलर हीसुद्धा एक आज्ञावलीच आहे. मग तिचे भाषांतर कोणी करायचे? लोहाराचा हातोडा घडवायलाही आधी एक हातोडा लागतो, तसाच हा प्रकार. स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस विर्थ यांनी पास्कल भाषा रचली, तेव्हा तिचा पहिला कंपायलर फोरट्रानमध्ये लिहून पाहिला. तो जमला नाही आणि टाकून द्यावा लागला. मग त्यांच्या गटाने पास्कलचा कंपायलर पास्कलमध्येच लिहिला आणि त्याचे पहिले भाषांतर माणसाने हाताने केले. एकदा ते यंत्रावर चालू झाले की पुढची आवृत्ती आधीच्या आवृत्तीने घडवायची. अशी वंशावळ सुरू झाली.

हा कंपायलर दुसऱ्या यंत्रांवर न्यायचा कसा, यासाठी त्याच गटाने १९७० नंतरच्या वर्षांत एक सोपी युक्ती काढली. कंपायलरने थेट यंत्रभाषेत उतरण्याऐवजी एका काल्पनिक, साध्या यंत्राच्या भाषेत उतरायचे. नव्या संगणकावर त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारी छोटी आज्ञावली लिहिली की बाकीचे काम आपोआप होते. या पास्कल-पी कंपायलरची माहिती देणाऱ्या टिपणाच्या चार लेखकांत पहिले नाव केशव नोरी यांचे आहे. ते पुढे पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये काम करीत होते. मोठे यंत्र परवडत नसलेल्या जगभरच्या कितीतरी विद्यापीठांना या युक्तीमुळे स्वतःच्या हाताने कंपायलर उभा करता आला.

घर बदलताना सापडलेल्या चुका

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला आरंभ केला. ती प्रथम एका विशिष्ट यंत्राच्या सांकेतिक भाषेत होती. १९७३ मध्ये तिचा गाभा सी या भाषेत नव्याने लिहिला गेला. त्यामुळे सी भाषेचा कंपायलर ज्या यंत्रासाठी असेल, तेथे युनिक्स नेता येईल अशी आशा निर्माण झाली.

ही आशा १९७७-७८ मध्ये कसाला लागली. रिची आणि स्टीफन जॉन्सन यांनी युनिक्स १६ बिटांच्या पीडीपी-११ वरून ३२ बिटांच्या इंटरडेटा ८/३२ या यंत्रावर नेली. तेव्हा असे दिसले की, वर्षानुवर्षे बिनबोभाट चालणाऱ्या लिखाणात अनेक गृहीतके दडलेली होती. स्मृतीतील जागेचा पत्ता आणि साधा पूर्णांक यांची लिहिणाऱ्यांनी सर्रास सरमिसळ केलेली होती. जुन्या यंत्रावर ती खपून जाई, नव्यावर ती अडचणीची ठरे. जॉन्सन यांनी अशा सैल जागा शोधून दाखवणारी लिंट नावाची वेगळी आज्ञावली लिहिली. कंपायलर जे चालवून घेतो, ते लिंट बोट ठेवून दाखवी.

घर बदलताना कपाटामागची जळमटे दिसतात. ती त्या दिवशी झालेली नसतात, दिसतात मात्र त्या दिवशी. कंपायलरच्या तक्रारींचे बहुतेक असेच असते.

तीन फेऱ्यांची परीक्षा

१९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर मूळ लिखाणासह सर्वांसाठी खुला केला. १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा तयार केला, तो याच कंपायलरच्या मदतीने.

जीसीसी स्वतःला कसा घडवतो, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. यंत्रावर आधीपासून असलेल्या कोणत्याही कंपायलरने जीसीसीचे लिखाण भाषांतरित करायचे. ही पहिली फेरी. या पहिल्या फेरीच्या जीसीसीने तेच लिखाण पुन्हा भाषांतरित करायचे, ही दुसरी फेरी. दुसऱ्याने पुन्हा तेच केले की तिसरी. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत मिळालेले परिणाम बिट-बिट ताडून पाहायचे. पहिली फेरी परक्या कंपायलरने केलेली असल्यामुळे ती वेगळी असू शकते. परंतु दुसरी आणि तिसरी या दोन्ही एकाच लिखाणातून, एकाच पद्धतीने घडलेल्या असतात. त्या तंतोतंत जुळल्याच पाहिजेत. जुळल्या नाहीत तर काम तेथेच थांबते.

लिनक्सच्या सुरुवातीच्या वर्षांत आणखी एक कोडे वारंवार येई. गाभा घडवताना कंपायलर मध्येच कोसळे आणि सिग्नल ११ असा संदेश देई. अनेकांना वाटे की कंपायलर सदोष आहे. नेदरलँड्सचे रॉजियर वुल्फ यांनी या विषयावर एक प्रश्नोत्तरी लिहून लोकांना एक साधी कसोटी शिकवली. तेच काम पुन्हा करून पाहा. दर वेळी त्याच ओळीवर अडत असेल, तर दोष लिखाणात किंवा कंपायलरमध्ये असण्याचा संभव जास्त. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी कोसळत असेल, तर दोष बहुधा यंत्रात, आणि त्यातही स्मृतीच्या पट्टीत आहे. एरवीच्या कामात स्मृतीचा एखादा बिघडलेला बिट कोणाच्या लक्षात येत नाही. कंपायलर मात्र स्मृतीत पत्त्यांच्या लांबच लांब साखळ्या गुंफतो. त्यातील एक कडी चुकली की तो भलत्याच जागी जाऊन पडतो. लिनक्सचा गाभा घडवणे ही अशा रीतीने यंत्राचीच परीक्षा ठरू लागली.

पुन्हा करून पाहणे आणि त्यावरून ठराविक दोष व अनियमित दोष वेगळे करणे, हे प्रयोगशाळेत आपण मुलांना शिकवतोच. फक्त येथे वर्नियरऐवजी कंपायलर आहे.

नवा कंपायलर, जुने लिखाण

१९९७ मध्ये जीसीसीच्या काही जाणकारांनी वेगळी चूल मांडून विकास वेगाने पुढे नेला. १९९९ मध्ये दोन्ही प्रवाह पुन्हा एक झाले. या काळात लिनक्स घडवणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली. गाभ्यात जेथे यंत्राच्या सांकेतिक भाषेतील तुकडे घातलेले होते, तेथे 'माझ्या तुकड्यामुळे अमुक जागा बदलते' असे कंपायलरला कळवावे लागते. काही ठिकाणी हे नीट कळवलेले नव्हते. जुना २.७.२ हा कंपायलर फारसे डोके चालवत नसल्यामुळे ते निभावून जाई. नवा अधिक हुशारीने जागांची फेरवाटणी करी आणि चूक उघडी पडे. म्हणून त्या वेळच्या गाभ्यासाठी जुनाच कंपायलर वापरावा, अशी शिफारस असे. २००० मध्ये रेड हॅट कंपनीने तर आपल्या संचात नेहमीच्या कामासाठी एक आणि केवळ गाभ्यासाठी दुसरा जुना, असे दोन कंपायलर दिले. जुने आणि नवे शेजारी शेजारी ठेवण्याचा हा आणखी एक प्रकार.

हुशारीची किंमत

कंपायलर हुशारी करतो म्हणजे काय करतो? समजा, ५० उत्तरपत्रिकांची टक्केवारी काढायची आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तुम्ही सर्व विषयांच्या कमाल गुणांची बेरीज नव्याने करीत आहात. शेजारचे शिक्षक म्हणतील, ती बेरीज एकदाच करून ठेवा ना! कंपायलरही असेच करतो. तीच तीच गणिते शोधून ती अशा जागी हलवतो की एकदाच करावी लागतील. हे वाटते तितके सोपे नाही. आज्ञावलीत वाटा फुटतात. गणित अलीकडे आणले आणि आज्ञावली त्याची गरजच नसलेल्या वाटेने गेली, तर काम वाढते. कोणत्याही वाटेने गेले तरी पूर्वीपेक्षा जास्त काम पडू नये, अशी जागा शोधायची असते.

१९७९ मध्ये मोरेल आणि रेन्वाज या फ्रेंच संशोधकांनी यासाठी एक रीत मांडली. तिच्यातील अडचणी दूर करण्याच्या कामात ज्यांचा वाटा आहे, त्यांत मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक धनंजय धामधेरे हे एक प्रमुख नाव. त्यांचे १९८८ आणि १९९१ मधील शोधनिबंध या विषयात आधारभूत मानले गेले. जीसीसीच्या मूळ लिखाणात हे काम करणाऱ्या विभागाच्या सुरुवातीला आधारग्रंथांची यादी टिपलेली आहे आणि तीत धामधेरे यांचे नाव एकाहून अधिक वेळा येते. लिखाण खुले असण्याचा हा एक फायदा. मुंबईतल्या एका अभ्यासकाचा विचार जगभर कसा पोचला, हे कोणालाही उघडून पाहता येते.

या हुशारीची दुसरी बाजू २००९ मध्ये दिसली. लिनक्सच्या गाभ्यातील एका भागात आज्ञांचा क्रम चुकला होता. आधी पाकीट उघडून त्यातील कागद काढायचा आणि नंतर 'पाकीट आहे का?' असे विचारायचे, असा तो क्रम. सी भाषेच्या नियमानुसार नसलेले पाकीट उघडणे हे अवैध कृत्य आहे. कंपायलरने तर्क केला: पाकीट उघडले आहे, म्हणजे ते असणारच, तर मग पुढचा प्रश्न निरर्थक आहे. त्याने तो प्रश्नच काढून टाकला. परंतु ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात शून्य क्रमांकाच्या पत्त्यावरही कोणी खोटे पाकीट आणून ठेवू शकतो. असे करून यंत्राचा ताबा घेता येतो, हे एका सुरक्षातज्ज्ञाने दाखवून दिले. नियमाच्या अक्षरानुसार कंपायलर निर्दोष होता. मूळ लेखकाला तर आपण तपासणी लिहिली आहे असेच वाटत होते. शेवटी आज्ञांचा क्रम दुरुस्त झाला आणि शिवाय, अशा तपासण्या काढू नयेत, अशी स्पष्ट सूचना गाभा घडवताना कंपायलरला दिली जाऊ लागली.

अलीकडची दोन उदाहरणे

२०२० मध्ये जीसीसीची दहावी आवृत्ती आली आणि जुन्या लिनक्सचे गाभे घडेनासे झाले. कारण तसे लहान होते. दोन वेगळ्या कागदांवर एकाच नावाचे चल मांडले तर जुने कंपायलर त्यांना मुकाट्याने एकच समजत. ही सवलत फोरट्रानच्या काळापासून चालत आलेली. दहाव्या आवृत्तीने ती आपणहून देणे बंद केले. गाभा घडवायला मदत करणाऱ्या एका छोट्या आज्ञावलीत नेमकी ही सवलत घेतलेली होती. एका ठिकाणी 'हा केवळ उल्लेख आहे, व्याख्या दुसरीकडे आहे' असे सांगणारा एक शब्द घातला की काम भागे.

दुसरे उदाहरण २०२५ मधील पंधराव्या आवृत्तीचे. सी भाषेच्या नव्या नियमांत 'खरे' आणि 'खोटे' हे अर्थ सांगणारे शब्द भाषेचे स्वतःचे राखीव शब्द झाले आणि ही आवृत्ती न सांगता तेच नियम लावू लागली. लिनक्सने हे दोन शब्द फार पूर्वीच स्वतः व्याख्यित करून ठेवलेले होते. २०२२ पासून गाभ्याच्या मुख्य भागाला '२०११ चे नियम लावा' अशी सूचना असल्यामुळे तो भाग सुखरूप राहिला. मात्र संगणक सुरू होतानाच्या छोट्या भागासाठी सूचनांची यादी वेगळी होती आणि तीत ही सूचना घालायची राहून गेली होती. म्हणून काम नेमके तेथे अडले. गाभ्यातील त्या यादीत एक सूचना वाढवून प्रश्न मिटला.

दोन्ही वेळा लिखाण बदललेले नव्हते, यंत्रही बदललेले नव्हते. बदलला होता तो न बोललेला करार.

विश्वास कोणावर ठेवायचा?

१९८३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात एक अस्वस्थ करणारी शक्यता मांडली. कंपायलरमध्ये कोणी लबाडी लपवली आणि पुढच्या पिढीचा कंपायलर घडवताना ती आपोआप पुढे जाईल अशी व्यवस्था केली, तर मूळ लिखाणातून तिचा मागमूस पुसून टाकला तरी ती जिवंत राहील. मूळ लिखाण कितीही वाचले तरी सापडणार नाही. तीन फेऱ्यांच्या परीक्षेतही ती सहज पास होईल, कारण दुसरी आणि तिसरी फेरी सारखीच लबाड असेल.

यावर डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये आणि सविस्तर २००९ च्या प्रबंधात एक उपाय मांडला. स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा कंपायलर घ्यायचा. त्याने संशयित कंपायलरचे मूळ लिखाण भाषांतरित करायचे आणि मिळालेल्या कंपायलरने तेच लिखाण पुन्हा एकदा. आता हाती आलेले रूप आणि संशयिताचे रूप बिट-बिट जुळले, तर लपवलेले काही नाही असे मानायला भक्कम आधार मिळतो. कारण दोन परस्परांशी संबंध नसलेल्या कंपायलरांत नेमकी एकच लबाडी असणे अवघड. अलिबागला १९०४ मध्ये जे केले गेले, त्याचेच हे दुसरे रूप. एका साधनाची परीक्षा त्याच साधनाने पुरती होत नाही, त्याला स्वतंत्र साक्षीदार लागतो.

वर्गात काय करता येईल?

कंपायलरचे आतले काम समजलेली माणसे फार थोडी असतात. ती वाढावीत म्हणून मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर चालवले गेले. लाखो ओळींच्या या आज्ञावलीची वाट शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना दाखवणाऱ्या कार्यशाळा तेथे झाल्या. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचे आज्ञावलीच्या विश्लेषणावरील पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

शाळेत इतक्या खोलात जायला नको. पण वरच्या वर्गातील मुले जुना संगणक घेऊन लिनक्स घडवू पाहत असतील, तर त्यांना चार गोष्टी सांगाव्यात. एक, चुकांची यादी लांबलचक आली तरी आधी सर्वांत पहिली चूक वाचायची. पुढच्या बऱ्याच चुका तिच्या पोटातून निघालेल्या असतात. दोन, तेच काम पुन्हा करून दोष त्याच जागी येतो का ते पाहायचे. तीन, लिखाण कोणत्या साली लिहिले आणि कंपायलर कोणत्या सालचा, हे वहीत शेजारी शेजारी लिहायचे. दोघांत दहा वर्षांचे अंतर असेल तर उत्तराची दिशा तेथेच मिळते. चार, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

संगणक नसलेल्या शाळेतही एक खेळ घेता येईल. एखाद्या कृतीच्या सूचना, समजा कागदाची होडी करण्याच्या, मराठीत लिहून दोन गटांना द्या. दोन्ही गटांनी एकमेकांशी न बोलता त्यांचे केवळ चित्रखुणांत भाषांतर करावे. मग तिसऱ्या गटाने दोन्ही खुणांवरून होड्या कराव्यात. होड्या सारख्या झाल्या तर उत्तमच. वेगळ्या झाल्या तर दोष मूळ सूचनेत होता, भाषांतरात होता, की करणाऱ्या हातात, हे मुलांनीच शोधून काढावे. 'कागद दुमडा' या सूचनेत कोणत्या बाजूला ते सांगितलेलेच नव्हते, असे बहुधा त्यांच्या लक्षात येईल. आपण काय गृहीत धरले होते हे ज्याला कळले, त्याला दोष शोधण्याचे निम्मे शास्त्र कळले.